फाटकावरचा फोन नंबर

गेल्या दिवाळीत थोरल्या भावाकडे, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या आमच्या गावी, आम्ही सगळे जमलो होतो. भातकापणी चालू होती, त्यामुळे दुपारचे पोहे खळ्यावरच आले. त्या पोह्यांवरून सुरू झालेलं भांडण रात्री पडवीत कंदील मालवेपर्यंत पुरलं. भांडण बाप-लेकाचं होतं आणि विषय घराचा होता, पण वाटणीचा नव्हे. लेकाचं घर स्पेनमध्ये, बापाच्या तक्रारीतलं घर आमच्या वरच्या माळावर.

पुतण्या इंग्लंडमध्ये नोकरीला. २०१९ साली त्याने आलिकान्तेच्या बाजूला समुद्राजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वर्षातून तीन आठवडे आपण राहायचं आणि उरलेले दिवस ओळखीपाळखीतल्यांना भाड्याने द्यायचं, असा बेत. परवाना काढायचा राहूनच गेला. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि कराचा हिशेब फिरला. संघातल्या रहिवाशाला खर्च वजा करून उरलेल्या भाड्यावर १९ टक्के, संघाबाहेरच्याला २४ टक्के, आणि तेही वजावट न देता पूर्ण भाड्यावर. ३ एप्रिल २०२५ पासून नवा नियम आला. इमारतीत नव्याने पर्यटकांना घर द्यायचं तर आधी शेजारच्या मालकांची तीन पंचमांश संमती हवी. १ जुलै २०२५ पासून नोंदणी क्रमांक नसेल तर संकेतस्थळावर जाहिरातच लागत नाही. शेजाऱ्यांची बैठक झाली आणि त्यांनी नाही म्हटलं.

"सहा वर्षं कर भरूलालोय तिथं मी," पुतण्या म्हणाला. "तरी परकाच!"

"आन् वरचा तो बेंगळूरवाला?" भाऊ म्हणाला. "त्येला कोण इचारूलालंय?"

वरचा बेंगळूरवाला म्हणजे कोण ते गावात कुणालाच नीट ठाऊक नाही. चार एकर माळ, दगडी कुंपण, आत पोहण्याचा तलाव, फाटकावर इंग्रजी नावाची पाटी. शनिवारी संध्याकाळी गोवा, हुबळी, पुण्याच्या गाड्या येतात, रात्री स्पीकर वाजतो, रविवारी दुपारी गाड्या जातात. सोमवारी ओढ्यात बाटल्या सापडतात. बोअर किती फूट आहे कुणास ठाऊक, पण खालच्या दोन विहिरी हल्ली फेब्रुवारीतच तळ दाखवतात, असं भाऊ म्हणतो. त्याचा राग पाण्यापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर आहे. तक्रार करायची तर कुणाकडे, हेच कळत नाही. रखवालदार बिहारचा, तीन महिन्यांनी बदलतो. पाटीवर जो नंबर आहे तो फिरवला की कुठल्यातरी शहरातली मुलगी गोड आवाजात सांगते, चेक-इन दोनला आहे.

मी दोघांचं ऐकत बसलो होतो. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर माझी अकरा वर्षं गेली. परदेशात घर घ्यायला निघालेली बेळगावची माणसं मी समोरच्या खुर्चीत पाहिली आहेत. दुबईच्या जाहिरातीचा कागद घेऊन येणारा पहिला प्रश्न विचारायचा, पैसे किती पाठवता येतात? माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, हे उत्तर त्याला आवडायचं. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर आता बँक २० टक्के कर आधीच कापून घेते, हे कमी आवडतं. आणि तिथल्या भाड्यावर तिथे आयकर नसला तरी तुम्ही इथले रहिवासी असाल तर इथे भरावा लागेल, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते घर दाखवावं लागेल, न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याने दहा लाखांचा दंड होऊ शकतो, हे सांगितलं की माणूस कागद घडी करून खिशात घालायचा. एवढ्या वर्षांत तिथल्या शेजाऱ्यांबद्दल एकानेही विचारलं नाही. रात्रीच्या हिशेबाने घर द्यायला तिथल्या पर्यटन खात्याचा परवाना लागतो, हेही फार थोड्यांना माहीत असायचं. भाडं किती येईल एवढंच विचारायचे. वरच्या माळाच्या मालकानेही घेताना तेवढंच विचारलं असणार.

म्हणून माझं म्हणणं असं की बाप-लेक दोघंही नेमक्या चुकीच्या गोष्टीवर रागावले होते. मालक कुठला, या एका प्रश्नाभोवती दोघं फिरत होते. लेकाला वाटतं मला परका म्हणून अडवलं, बापाला वाटतं त्याला परका म्हणून का अडवत नाही. स्पेनमधल्या त्या शेजाऱ्यांनी मात्र पुतण्याचा पासपोर्ट बघितलेला नव्हता. तीन पंचमांशाची अट माद्रिदच्या मालकालाही तशीच लागू आहे. घर रिकामं पडलं असेल तरी त्यातून उत्पन्न आलंच असं धरून कर घ्यायचा, हा तिथला नियमही स्पॅनिश माणसाच्या दुसऱ्या घराला लागतोच. पुतण्याला परका म्हणून मिळालेली वागणूक एवढीच, ती २४ टक्क्यांची. तो भेदभाव आहे आणि मला तो पटत नाही. पण त्याचं घर बंद पडलं ते त्या करामुळे नाही. जिन्यात रोज नवी बॅग घेऊन नवा माणूस दिसतो, याला शेजारी कंटाळले होते.

मालक कुठला हे बघणारे आणि घराचा वापर बघणारे, या दोन तऱ्हांचे नियम एकाच देशात शेजारीशेजारी बघायचे तर स्वित्झर्लंडकडे पाहावं. तिथे १९८३ पासूनचा एक कायदा आहे, तो देशाबाहेर राहणाऱ्या परकीयाला घर घेण्यापासून अडवतो. आणि मार्च २०१२ च्या जनमताने दुसरा आला. कुठल्याही गावात दुसरी घरं, म्हणजे कायम वस्ती नसलेली घरं, एकूण घरांच्या २० टक्क्यांवर गेली की तिथे नवी बांधायची नाहीत. पहिला कायदा असूनही दुसऱ्याची गरज पडली, कारण आल्प्समधली गावं झ्युरिक आणि बाझेलच्या स्विस माणसांनीच विकत घेतली होती. परक्याला दाराबाहेर ठेवलं तरी खिडक्या हिवाळ्याचे आठ आठवडे सोडून बंदच. थायलंडचंही तसंच. इमारतीतली परकीयांची मालकी ४९ टक्क्यांपर्यंत, हा झाला माणसाचा नियम. हॉटेलचा परवाना नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देता येत नाही, हा वापराचा. परकीय मालकांची तिकडे अडचण होते ती बहुधा दुसऱ्यापाशी.

आणि वेल्स. बेळगावच्या मराठी माणसाने वेल्सचं उदाहरण जरा थांबून वाचावं. ग्विनेड हा तिथला वेल्श बोलणारा जिल्हा. डोंगर, समुद्र, शेतकऱ्यांची दगडी घरं. इंग्लंडमधल्या शहरी माणसांनी ती सुट्टीसाठी घेतली. पोरांना गावात घर परवडेना, ती गेली, शाळा ओस पडल्या आणि शाळेबरोबर भाषाही जाऊ लागली. १९७९ च्या डिसेंबरपासून तिथे सुट्टीची घरं जाळण्याचं सत्र सुरू झालं, ते दहा-बारा वर्षं चाललं. घरं जळाली, पण घरांच्या किमती त्याने काही खाली आल्या नाहीत. २०२३ च्या एप्रिलपासून तिथे ज्या गोष्टी सुरू झाल्या त्या जास्त रूक्ष आहेत. दुसऱ्या घरावर स्थानिक कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची मुभा कौन्सिलांना मिळाली. सुट्टीचं घर हा धंदा आहे असं म्हणून त्यातून सुटायचं असेल तर वर्षातले १८२ दिवस ते खरोखर भाड्याने गेलेलं दाखवा. मालक इंग्रज की वेल्श, असा रकाना अर्जात नाही.

या नियमाची एक खोट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे उद्या कुणी तो उचलून आणला तर तीच आपल्याला लागेल. गोठ्याशेजारची एक खोली पाहुण्यांना देणाऱ्या वेल्श शेतकऱ्यालाही १८२ दिवस भरता येत नाहीत. तिकडे हिवाळ्यात कोण येतो? म्हणजे ज्याच्यासाठी नियम केला त्याच्याच गळ्यात अधिभार. आमच्याकडे जून ते जानेवारी माणसं धबधबे आणि धुकं बघायला येतात, एप्रिलच्या उन्हात कुणी फिरकत नाही. दिवस मोजायचेच तर ते इथला पाऊस माहीत असणाऱ्याने मोजावेत. माझ्या मते दिवसांपेक्षा साधी गोष्ट विचारावी, पाहुणे असताना मालक किंवा त्याच्या घरचं कुणी तिथे झोपतं का? न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांच्या आतल्या भाड्याला हीच अट घातली, यजमान घरात हवा आणि पाहुणे दोनच. आपल्या केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेतही मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं आणि खोल्या सहापेक्षा जास्त नसाव्यात असं लिहिलेलं आहे. होमस्टे या शब्दाचा अर्थच तो. पण चोर्ल्याच्या रस्त्यावर हा शब्द आता ज्या ज्या पाटीवर दिसतो, तिथे घर कुठे आणि घरचे कुठे, असं विचारावंसं वाटतं.

मालक कुठला, या प्रश्नावर आपल्याकडचे कायदे किती विचित्र ठिकाणी नेऊन सोडतात ते आमच्याच घरात दिसलं. पुतण्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. बेळगावात त्याला फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस, मळा घेता येत नाही, परकीय चलनाच्या कायद्यात मनाई आहे. बापाची जमीन वारशाने येईल तेवढीच. म्हणजे ज्या माळावर तो लहानपणी गुरं घेऊन जायचा तो माळ विकायला निघाला तेव्हा तो घेऊ शकत नव्हता. कंपनी मात्र घेऊ शकत होती. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातली कलमं ७९ अ आणि ७९ ब, म्हणजे अमुक उत्पन्नाच्या वरचा बिगरशेतकरी किंवा कंपनी शेतजमीन घेऊ शकत नाही ही बंधनं, २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. तेव्हा शेतकरी संघटनांनी बेंगळुरात रस्ते अडवले, पण खानापूरच्या बाजूला आम्ही फारसं लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर काहींना बरंच वाटलं, कारण माळाला भाव आला.

शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकलं आणि भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घातली. पलीकडे चंदगडात महाराष्ट्राचा कायदा, शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचं सिद्ध करा. एकाच सह्याद्रीच्या एकाच उतारावर, तासाभराच्या अंतरात तीन सरकारांचे तीन कायदे. जिथे दार उघडं, तिथे पैसा येणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आता ७९ अ परत आणा, ही मागणी मी समजू शकतो, तिच्या बाजूने सहीसुद्धा करीन. पण आमच्या तक्रारीवर तो इलाज नाही. खानापूरचाच एखादा ठेकेदार, सात-बाराच्या भाषेत अस्सल शेतकरी, उद्या तोच तलाव आणि तोच स्पीकर लावेल. लावलाही आहे. त्याला गावातलं कुणी बोलत नाही, कारण तो आपला. भावाच्या रागातली ही फट मला दिसते आणि तिच्यावर बोट ठेवलं की तो चिडतो.

सीमाभागातल्या माणसाला इथला-बाहेरचा हे शब्द वापरताना जीभ अडखळायला हवी. आम्ही मूळचे की आलेले, याची चर्चा १९५६ पासून आमच्या डोक्यावरून चालली आहे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. पाटीवर कुठली भाषा किती टक्के यावरून दुकानदारांची धावपळ होते. जन्मावरून आणि भाषेवरून हक्क ठरवायचे झाले तर त्या तराजूत सर्वांत आधी आपणच बसवले जाऊ. हे काही उदात्त तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, साधा स्वार्थ आहे. बाहेरच्यांना बंदी, असं लिहिलेला कागद आज वरच्या माळाच्या मालकावर चालेल आणि उद्या तोच कागद कुणीतरी आपल्यासमोर धरेल.

शिवाय आपण तरी कुठे घरी बसलोय? पर्वरी आणि म्हापशाच्या बाजूच्या इमारतींत बेळगावकरांचे फ्लॅट काही कमी नाहीत. डॉक्टर, बिल्डर, सोनार, माझ्याच बँकेतले दोन निवृत्त सहकारी. शनिवार-रविवार भाड्याने देतात, किल्ली वॉचमनकडे. गोव्यात १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, पैसे घेऊन पर्यटक ठेवायचा तर नोंदणी करावी लागते. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. एका सहकाऱ्याला विचारलं, नोंदणी केलीस का? तो म्हणाला, "आपण काय हॉटेल चालवतोय व्हय?" जिन्यातल्या गोंयकाराला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, याचा अंदाज मला आहे. मोरजीत रशियनांनी घरं आणि दुकानं थाटली तेव्हा गावाला लोक लिटल रशिया म्हणू लागले, वर्तमानपत्रांतून आरडाओरडा झाला. बेळगावच्या फ्लॅटवाल्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही. तो रंगाने आणि बोलीने खपून जातो एवढंच.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुतण्याच्या एका स्पॅनिश मित्राने त्याला तो ऐकवला होता. वापराचे नियम कागदावर छान दिसतात, पण ते राबवायला माणसं लागतात. रात्री अकराला कोण जाऊन बघणार, यजमान घरात आहे की नाही? त्यापेक्षा परकीयाला घरच विकू नका, नोंदणी कार्यालयातच अडवा, काम सोपं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या पंतप्रधानांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारावर घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव मांडला, त्यामागचा विचार असाच. शिवाय बाहेरून येणारा पैसा गावच्या पैशापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्याला समान नियम लावणं म्हणजे पैलवान आणि पोराची कुस्ती लावणं.

पैलवानाची गोष्ट खरी आहे. पण अंमलबजावणीच्या बाबतीत तोच स्पेन उलटा पुरावा देतो. शंभर टक्क्यांच्या कराची नुसती घोषणा गाजली. काम केलं ते जाहिरातीवरच्या परवान्याच्या क्रमांकाने. मे २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक मंत्रालयाने एका मोठ्या संकेतस्थळाला ६५ हजारांहून जास्त जाहिराती उतरवायला सांगितलं, कारण त्यांत परवान्याचा क्रमांक नव्हता किंवा चुकीचा होता. रात्री अकराला कुणाला पाठवायची गरज पडली नाही, टेबलावर बसून झालं. बार्सिलोनाने तर आपल्या १०,१०१ पर्यटक घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर पुढे चालवायचे नाहीत असं जाहीर केलंय. मालक कातालान असो की कानडी. तो उपाय मला टोकाचा वाटतो, शहर मोठं आणि चटका मोठा म्हणून त्यांना घ्यावा लागला असेल. आपल्याला इतकं दूर जायचं नाही.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या पट्ट्यात पाहुणे येऊ नयेत असं कोण म्हणेल? मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावच्या रानात. या दोन नद्यांच्या पाण्यावरून राज्यं लवादापर्यंत गेली आणि त्या पाण्याच्या उशाशी राहणाऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मिळावेत. माझी चुलत वहिनी दोन खोल्या पाहुण्यांना देते. तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी, फणसाच्या दिवसांत सांदणं. रात्री दहाला ती स्वतः ओरडते, आता गाणं बंद करा, म्हशी बिचकतात. आणि गाणं बंद होतं. ते बंद होतं, कारण सकाळी चहा तिच्याच हातचा घ्यायचा असतो. हा सगळा नियम मला अर्जात कसा लिहायचा ते कळत नाही, पण नियम हाच आहे. दुसरीकडे भीमगडच्या जंगलातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना मोबदला देऊन बाहेर आणलं जातंय, जंगलाला माणसांचा त्रास नको म्हणून. त्याच जंगलाच्या कडेला प्रखर दिव्यांची फार्महाऊसं उभी राहतात, त्यांना मात्र त्रास या सदरात कुणी धरत नाही.

पैशाची वाटही बघा. खोलीच्या भाड्यावर जीएसटी लागतो, संकेतस्थळावरून खोली गेली तर बहुतेक वेळा ते संकेतस्थळच तो भरतं, आणि तो केंद्राच्या आणि राज्याच्या खजिन्यात जातो. रस्ता खचतो गावचा, कचरा उचलायचा पंचायतीने, टँकर मागवायचा पंचायतीने, आणि तिच्या हातात घरपट्टी. तीसुद्धा राहत्या घराची म्हणून आकारलेली असेल तर आनंदच. रात्रीच्या हिशेबाने चालणाऱ्या घराला धंद्याची पट्टी लावा, खोल्या आणि तलाव मोजून लावा, पाण्याला मीटर लावा. आणि स्पेनच्या जिन्यातल्या लोकांना जो हक्क मिळाला तो आमच्या ग्रामसभेलाही मिळू दे, नवा परवाना देण्याआधी विचारलं जाण्याचा. यात बेंगळूरवाल्याचा द्वेष कुठेच नाही. तो इथे येऊन राहिला, त्याची मुलं गावच्या शाळेत घातली, तर गणपतीची आरती करायला मी त्याला बोलवीन.

पुतण्या जाताना जरा नरमला होता. शेजाऱ्यांना पुन्हा विचारायचं त्याने ठरवलंय. इमारतीतच राहणाऱ्या एका बाईला देखरेखीचं काम द्यायचं, तिचा नंबर दारावर लावायचा, वर्षातून उन्हाळ्याचे दोनच महिने घर द्यायचं, असा प्रस्ताव. तीन पंचमांश जमतील का, ते त्यांचं ते ठरवतील.

भावाने मला अर्ज लिहायला लावला, ग्रामपंचायतीला द्यायचा. मी मराठीत लिहिला, शेजारच्या मास्तरांनी कन्नडमध्ये उतरवला, दोन्ही प्रती एकत्र टाचल्या. मागण्या सात होत्या, मास्तर म्हणाले इतक्या कुणी वाचत नाही, तीन ठेवा. पाण्याचा मीटर ठेवला, धंद्याची घरपट्टी ठेवली. तिसरीवरून पुन्हा वाद झाला. भावाला लिहायचं होतं, बाहेरच्यांना परवाना देऊ नये. बराच वेळ पेन माझ्या हातात तसंच होतं. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं ते मी लिहिलं: फाटकावर अशा माणसाचा फोन नंबर असावा, जो बोलावल्यावर अर्ध्या तासात चालत येऊ शकेल.